तुमच्या फोटोसमोरचं पाठांतर

प्रिय घरतबाई,

आज शाळेत तुमच्या स्मरणार्थ इंग्रजी वक्तृत्व स्पर्धा झाली. तुमच्या फोटोला झेंडूचा हार घातला, उदबत्ती लावली आणि तुम्ही ज्याचा जन्मभर तिटकारा केलात ते पाठांतरच तुमच्यासमोर करून दाखवलं. फोटो उठून जाऊ शकत नाही, एवढी सोय मात्र शाळेनं बरोबर पाहिली होती. घरी आल्या आल्या लिहायला बसले. आई ओटीवर सुकट निवडतेय. "कोनाला लिवतंस गो?" म्हणाली. मी म्हटलं, घरतबाईंना. "त्या तं गेल्या!" मग स्वतःच, "लिव बाय, लिव. बोलल्याशिवाय तुला जेवन जाचा नाय."

विषय होता 'माझी आई'. भाषण एकच, छापील, सगळ्यांना सारखं. ते ज्यांनी पुरवलं ते अलिबागचे इंग्रजी संभाषण क्लासवाले सर प्रमुख पाहुणे, आणि परीक्षकही तेच! त्या भाषणातली आई गृहिणी असते. बागेतल्या गुलाबांना पाणी घालते. बाबा ऑफिसातून आले की हसून दार उघडते. रेवदंड्यात, बाई! एकामागून एक पोरं येत होती, 'मदर' म्हणताना हात छातीवर, 'स्काय' म्हणताना वर, आणि सगळ्यांच्या आया गुलाबांना पाणी घालत होत्या. खऱ्या आया मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. काही जणी मासळी बाजारातून तशाच आलेल्या, टोपल्या बाहेर पायरीवर ठेवून.

आणि पाहुणे मान डोलवत होते. काय ती मान! जणू इंग्रजी भाषा त्यांनीच किनाऱ्यावर उतरवून घेतली.

तुमचा तास आठवतो मला. आठवीत होते. बाकं भिंतीला लावून तुम्ही आम्हाला गोल बसवलंत आणि फळ्यावर प्रश्न लिहिलात: आपल्या किनाऱ्यावर पर्यटकांच्या गाड्या येऊ द्याव्यात का? आधी शेजारणीशी बोलायचं, हळू, मोडकंतोडकं चालेल. मग जाळ्याचा एक जुना बोया हातोहात फिरायचा. तो ज्याच्या हातात, त्यानं बोलायचं. पण आधीचा काय म्हणाला ते सांगून, मगच आपलं. म्हणजे ऐकावंच लागे!

माझ्याकडे बोया आला आणि मी म्हटलं, "कार... ऑन नेट." वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत, चूकही काढली नाहीत. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलंत, "हूज नेट?" बाबांचं जाळं होतं, बाई. वाळूत सुकत घातलेलं, त्यावरून मुंबईची गाडी गेली होती. मला इतका राग होता की पुढची वाक्यं कुठून आली ते मला आजही सांगता येणार नाही. चुका तुम्ही तास संपताना फळ्यावर दुरुस्त केल्यात, कुणाचंही नाव न घेता. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. पण माझं शिक्षण सुरू झालं ते त्या दुपारी.

त्याच दुपारी हेच मुख्याध्यापक दारात आले होते. "बाई, वर्ग आहे की मासळी बाजार?" ज्यांच्या आया त्याच बाजारात मासळी विकून पोरांना शिकवत होत्या, त्या आमच्यासमोर! आणि तुम्ही काय म्हणालात? "सॉरी सर."

राग येतो हो मला त्याचा. आम्हाला भांडायला शिकवलंत आणि स्वतः शिक्षकखोलीत मान खाली घालून चहा प्यायलात. का? नोकरीचं भय होतं, की या माणसांशी बोलणंच व्यर्थ वाटत होतं? दुसरं असेल तर त्यांना तुमच्या नावानं स्पर्धा भरवण्याची संधी तुम्हीच दिलीत.

आज पहिलं बक्षीस सानिकाला मिळालं. ढाल देता देता पाहुण्यांनी लाडात विचारलं, "सो, व्हॉट डज युअर मदर डू?" सानिका क्षणभर गोंधळली. मग तिनं हात छातीवर नेला आणि पहिल्यापासून सुरू केलं, "रिस्पेक्टेड गेस्ट, माय मदर इज अ हाउसवाइफ..." आणि टाळ्या पडल्या, बाई! पाहुण्यांनी स्वतः वाजवल्या! सानिकाची आई शेजारणीला कोपर मारून म्हणाली, "बघ गो, माजी पोर कशी फाडफाड बोलते!" तिला काय ठाऊक, पोर तिलाच पुसून टाकत होती.

तेवढ्यात नाझिया उठली. मी आता याच शाळेत नववीला तुमच्यासारखाच चर्चेचा तास घेते, त्या वर्गातली. तिचे अब्बा कुवेतला असतात. खालूनच ओरडली, "सानिका, स्टॉप! सर इज आस्किंग यू. टुडे युअर मदर सेलिंग विच फिश?"

सानिका थांबली. आईकडे पाहिलं. "टुडे... बांगडा. बट पीपल वॉन्ट सुरमई. सो शी इज फायटिंग सिन्स मॉर्निंग."

सगळा हॉल हसला. आयांना 'बांगडा' आणि 'सुरमई' कळलं, बाकीचं पोरांनी सांगितलं. सानिकाची आई तर पदर तोंडाला लावून हसत होती. फक्त मुख्याध्यापक हसले नाहीत. "खाली बस! शिस्त नावाची गोष्ट आहे की नाही?"

नंतर मला बोलावून घेतलं. "मॅडम, हे तुमच्या त्या चर्चेचं फळ. उद्या चर्चेचा शेवटचा तास घ्या, सोमवारपासून पाठांतर."

"सर, आज सगळ्या कार्यक्रमात खरं इंग्रजी तेवढंच बोललं गेलं."

"तासिका तत्त्वावरच्या शिक्षिकेनं इतकं बोलू नये."

"तासिकेवर आहे म्हणून गप्प बसायचं, असं कुठल्या नियमात आहे, सर?"

"सोमवारपासून पाठांतर," त्यांनी तेच पुन्हा म्हटलं. त्यांचंही पाठांतरच ना!

बाई, सोमवारी मी शाळेत असेन की नाही, ठाऊक नाही. पण उद्याचा प्रश्न मी ठरवलाय: हा तास बंद करावा का? मुख्याध्यापकांनाही गोलात बसायचं निमंत्रण देणार आहे. त्यांच्या बाजूनं एखादं पोर बोललं तर तेही पूर्ण ऐकून घेईन, मध्ये दुरुस्त करणार नाही. ते स्वतः आले, तर त्यांनाही त्यांची पाळी मिळेल. इंग्रजीत.

तास जायचा असेल तर जाईल. पण मुकाट्यानं जाणार नाही, एवढं वचन तुम्हाला देते.

तुमची,
प्रणाली