खुडूक कोंबडीचे एकवीस दिवस

रिसोड
१२ फेब्रुवारी २०२६

प्रिय धम्मदीपा हिस,
सप्रेम जयभीम वि. वि.

इकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून. फोनवरच बोलले असते, पण आई फोन स्पीकरवर टाकायला लावते आणि मग आपल्या गोष्टी अख्खं मेडशी गाव ऐकतं. म्हणून पत्र.

रविवारी, आठ तारखेला, तू पिलांचा फोटो पाठवलास. आज सकाळीच निघाली, आईंनी बारा अंडी बसवली होती, अकरा फुटली, असं खाली कौतुकाने लिहिलंस. फोटो पाहून मी कॅलेंडरपुढे जाऊन उभी राहिले. चौथीच्या पोरांना मी तारखा मागे मोजायला शिकवते, तेव्हा मला हे जड नाही. कोंबडी अंड्यांवर एकवीस दिवस बसते. फेब्रुवारीचे आठ मागे गेले की एकतीस जानेवारी. उरले तेरा. एकतीसातून तेरा गेले, अठरा जानेवारी.

त्या दिवशी माझा गृहप्रवेश होता. भंतेजी आले, शाळेतले सगळे आले, आणि तुझा नवरा, माझा धाकटा भाऊ प्रसेनजित, एकटाच आला. आईला ताप आहे, उठवत नाही, धम्मदीपा तिच्याजवळ थांबली, असं सांगून जेवायला बसला. मग अंडी कोणी बसवली? खुडूक कोंबडीच्या टोपलीला आई दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही, हे मला माहीत आहे. एखादा दिवस मागेपुढे धरला तरी सुटका नाही, कारण ताप शुक्रवारपासून सोमवारपर्यंत होता असं तूच मला सांगितलंस.

सरळ विचारते, तिला तू अडवलंस का? तुला त्या घरात येऊन सहा वर्षं झाली. आता तिचं लुगडं तू आणतेस, डोळ्यांत थेंब तू घालतेस, आणि सख्ख्या लेकीला आईची खबर तुझ्याकडून कळते. जळते मी तुझ्यावर, लिहूनच टाकते. माझा उंबरठा आईने अजून पाहिला नाही. ती येणारच नसेल तर मला तेवढं तरी कळू दे.

लोभ काही उरला असेल तर उत्तर दे.
रत्नमाला

मेडशी
१९ फेब्रुवारी २०२६

ती. रत्नाताईंस,
धम्मदीपाचा सविनय जयभीम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोनदा चहा उतू गेला. हिशेब तुमचा बरोबर आहे. आईंना ताप नव्हता. तापाचं खोटं मी बोलले, पण ते बोलायला आईंनीच लावलं. आदल्या दिवशी त्यांची पिशवी मी भरून ठेवली होती, वर तुमच्यासाठी ज्वारीच्या पापड्याही ठेवल्या होत्या. सकाळी त्या म्हणाल्या, जायचं नाही. कारण विचारलं तर कोंबडीच्या टोपलीत कुटार-भुसा भरायला परसात निघून गेल्या.

आणि ताई, जळायचं तर मीही जळते. या घरात भाजी चांगली झाली की रत्नाच्या हातची आठवते, बिघडली तरी रत्नाचीच आठवते. मी आणलेलं लुगडं पेटीत आहे, अंगावर तुम्ही दिलेलं विटकं असतं. सहा वर्षांत मला त्यांनी एकदाही पोरी म्हणून हाक मारली नाही. मी धम्मदीपाच आहे.

तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, रागावू नका. आता म्हणतात, मी सांगते, तू लिही. ते पत्र वेगळं पाठवते.

लहान समजून लोभ असू द्या.
धम्मदीपा

मेडशी
२२ फेब्रुवारी २०२६

(आई बोलल्या तसंच लिहिलं आहे. धम्मदीपा)

रत्नाले मायचा जयभीम.

तापगीप काही नोता. धम्मदीपेले बोलू नको, तिचा काही कसूर नाई. तुह्या गृहप्रवेशाच्या आदल्या दिशी, शनवारी, परसेनजितनं मोबाईलात तुह्या घराचा फोटो दाखवला. म्या म्हटलं, पाटीवर काय लिवलं ते वाच. त्यानं वाचलं, दुर्गाई निवास. तुह्या सासूचं नाव. बरोबर हाये, जागा तिची, नाव बी तिचंच पाह्यजे. पण त्याच्या आंधीच्या हप्त्यात तूच मोठ्या खुशीनं सांगतलं का सासूबाई मले सून नाई, लेक म्हणते. मंग मले वाटलं, रत्ना तिची लेक झाली त मी तथी कोणाची माय म्हणून जाऊ? पाव्हण्यासारखं सतरंजीवर बसाचं जीवावर आलं. जळली मी, व्हय. बुढी झाल्यावर बी माणूस जळते. हाताले काही काम पाह्यजे म्हणून कोंबडी बसवली.

तुले शिकवलं मास्तरीन केलं, त तू मायवरच हिशेब लावून राह्यली. मले आकडे येत नाई, पण हप्त्याचा बाजार समजते. मागच्या खेपी तू आली तवा सोयाबीन गुडघ्यालोक होतं. त्याच्यानंतर आजलोक तीस बाजार झाले. कोंबडीचे दिवस मोजले, आता हे बी मोजजो.

जावाईबापूले जयभीम सांगजो. घर पक्कं हाये ना, पाणी भरपूर हाये ना, ते लिवजो.
तुही माय, पंचफुला (अंगठा)

रिसोड
१ मार्च २०२६

ती. आईस,
रत्नमालेचा जयभीम. धम्मदीपा, हे मोठ्याने वाच, आणि आधी माझी माफी स्वतःशी वाचून घे. तुला नको ते बोलले. हेवा अजून पुरता गेलेला नाही, पण आता आपण दोघी एकाच पंगतीत आहोत.

आई, घर पक्कं आहे, पाणी एक दिवसाआड येतं. पाटी काढणार नाही, सासूबाईंनी मनापासून जागा दिली. पण त्या मला लेक म्हणतात हे तुला फोनवर सांगताना तुझ्या जिवाचं काय होईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या कौतुकाने तूही खूश होशील असं वाटलं होतं. तू माझ्यावरून जळलीस हे वाचून मला रडू आलं, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

तू सांगितलंस तसं मोजलं. बावीस फेब्रुवारीपासून तीस आठवडे मागे गेले की सत्तावीस जुलै येतो. त्या दिवशी मी मेडशीत नव्हतेच, सासूबाईंच्या डोळ्यांसाठी अकोल्याला होते. मग फोनमधले फोटो चाळले. तुझ्या अंगणातला माझा शेवटचा फोटो वीस जुलैचा निघाला. तासभर बसले, तूरडाळ घेतली आणि चारच्या गाडीने परत फिरले. वीस जुलैपासून मोजलं तर एकतीस बाजार होतात. पुन्हा मोजलं, एकतीसच.

बाजार चुकणारी तू नाहीस. तुझं पत्र परत काढलं. धम्मदीपाच्या अक्षरात तीसच्या आधी एक शब्द खोडलेला आहे. तो उजेडाला धरून वाचला. आधी तू एकतीसच सांगितले होतेस. पोरीच्या जिवाला लागेल म्हणून एक बाजार तू खोडायला लावलास.

शनिवारी येते. राहायला येते.

लोभ आहेच, तो मोजायचा नाही.
तुझी लेक,
रत्नमाला