चार नंबर चेंबरमधली पुस्तकं

२८ मार्च
शोभाने आज निकाल लावला. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्यतृतीया झाली की, पोराचं लग्न; मागची खोली सुनेला हवी. "पुस्तकं ठेवायची की सून, तुम्ही ठरवा." म्हटलं, सून वाचणारी निघाली तर दोन्ही. हसली नाही.
दुपारी व्याही मंडळी खोली बघून गेली. बाहेर चपला घालता घालता विहीणबाई नवऱ्याला हळूच, "केळीवाल्याच्या घरात एवढी रद्दी कशाला हो?" माझे कान अजून शाबूत आहेत. तोंडावर मात्र, "छान संग्रह आहे भाऊ!"
खाटेखाली जागा नाही. माळ्यावर नाही. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवली तर या उन्हात बांधणीचा डिंक वितळतो, दोन उन्हाळे बघितलंय.

३१ मार्च
धुळ्याला वसुली. ती झाली नाही, मग देवपुरात नानांच्या पुस्तकांच्या दुकानात. केळीच्या ट्रकवर हमाल होतो तेव्हा पहिल्यांदा इथं शिरलो होतो. नाना म्हणाले होते, "आधी हात धुऊन ये." धुऊन आलो. अजून येतोय.
जळगावात कॉलेजजवळ चकचकीत दुकान आहे, गारेगार. सर सर करतात आणि घरी असलेलंच पुस्तक पुन्हा विकतात. नाना म्हणतात, "हे तुला झेपणार नाही. ठेव खाली." माझा अर्धा संग्रह नानांवरच्या रागातून झालाय.
आज एका प्राध्यापकाला हाकललं. "साहेब, तुम्हाला पुस्तक नको, गाईड पाहिजे. समोर मिळेल."
तेवढ्यात नानांचा मुलगा प्रशांत आला. दुकान बंद होतंय, तिथं मोबाईलचं शोरूम येणार. नाना समोर बसलेले असताना मला सांगतो, "बाबांना काही विचारू नका काका. ते आता नुसते बसायला येतात." नाना पुठ्ठ्यावरची धूळ झटकत राहिले.

९ एप्रिल
नानांचा फोन. दुकानातला माल प्रशांतने रद्दीत दिला. राहिलं आतलं कपाट, त्यांचं स्वतःचं. ते कधी विकलं नाही. प्रत्येक पानाच्या कडेला पेन्सिलीने लेखकाला झोडलेलं. 'इथे लेखक झोपला.' 'खोटं. कोणतीच बाई असं बोलत नाही.' 'शाई वाया.' आयुष्यभर एकट्याने घातलेलं भांडण.
गाडी घेऊन गेलो. "बठ्ठा पुस्तके लई जाय," म्हणाले, सगळी घेऊन जा म्हणून. गहिवरले की अहिराणीवर येतात. मग सावरून, "विकायची नाहीत. द्यायची नाहीत. मी येत जाईन वाचायला. तिथं एक खुर्ची टाक."
टाकतो म्हटलं.

१० एप्रिल
जागा सापडली! चार नंबरचं चेंबर महिनाभर रिकामं. केळी पिकवायची खोली. जाड भिंती, हवाबंद दार, उंदीर नाही, वाळवी नाही, बाहेर भट्टी असली तरी आत थंड. लायब्ररीवाल्यांना सुचलं नसतं. माझी आणि नानांची, दोन्ही पुस्तकं केळीच्या क्रेटमध्ये रचली. खुर्चीपण ठेवली. चेंबर सांभाळणाऱ्या गोकुळला सांगितलं, कूलिंग चालू ठेव, दार उघडू नको.
उद्या सुरत, लग्नाचा कपडा. तिथून इंदूर.

२४ एप्रिल
परत आलो. दार उघडलं.
वास.
कूलिंगबरोबर पाण्याचा बारीक फवारा चालू. इतके दिवस. केळीला ओल लागते, नाहीतर साल सुकते, वजन घटतं. भिंतींवरून थेंब. वरची पुस्तकं फुगलेली, खालची हिरवी. खुर्चीच्या गादीवरसुद्धा बुरशी.
गोकुळला धरला. उत्तर बरोबर दिलं त्याने. "शेठ, नियम तुमचाच ना? कूलिंग चालू तर फवारा चालू, विचारायचं नाही. मागच्या साली फवारा विसरला म्हणून सुरेशला काढलं तुम्ही."
काढलं होतं. त्याची बायको बाळंतीण होती.

२५ एप्रिल
आवारात ताडपत्रीवर वाळत घातली. पुठ्ठे पापडासारखे वळले. पानं सुटत नाहीत; सोडवायला गेलं की नानांची पेन्सिल अर्धी या पानावर, अर्धी त्या. माझ्यातली काही वाचतील. त्यांची कपाटात दाटीने बसायची तशीच क्रेटमध्ये दाबून भरली होती, ती वीट झाली.
शोभा बघायला आली. "उन्हाळ्यात वाळवणं घालतातच लोक."

२७ एप्रिल
नाना परवा येतात. प्रशांत सोडणार.
दिवसभर दुकानं पालथी घातली. जळगावची सगळी, रद्दीवाले, भुसावळ. नानांच्या पुस्तकांच्या काही प्रती मिळाल्या. आमचा पोरगा म्हणतो, "द्या ठेवून. म्हाताऱ्याला काय दिसतंय?"
बसलो पेन्सिल घेऊन. नानांचं अक्षर जमतं. एका कोऱ्या कडेला 'इथे लेखक झोपला' लिहिलं. पुढच्या पानावर काय लिहावं? नाना इथे काय म्हणाले असते? सुचेना. शिव्या मला कमी येतात असं नाही. पण पुस्तक वाचून द्यायची शिवी...
खोडलं. प्रती गाडीत टाकल्या.

२९ एप्रिल
आले. चहा नको म्हणाले, आधी पुस्तकं. आवारात नेलं. वाटेत सांगायचं ठरवलं होतं, वाटच संपली.
वाकले. एक वीट उचलली, नाकाशी धरली. उघडायचा प्रयत्न केला, कोपरा हातात आला. तो खिशात घातला.
म्हटलं, नाना, माझी चूक झाली. माझ्याकडे बघितलंच नाही. प्रशांतकडे वळले. "तुझं बरोबर होतं रे. रद्दीवाल्याने निदान तोलून तरी घेतली असती."
प्रशांत हसला. मग बापाचा चेहरा बघून गाडीचं दार उघडायला गेला.
गाडीत बसले. विकत आणलेल्या प्रती खिडकीतून पुढे केल्या. काच वर गेली.
वीट झालेली पुस्तकं न्यायची, ठेवायची की जाळायची, तेही ठरलं नाही. संध्याकाळी फोन केला. प्रशांतने उचलला. "बाबा ऐकतायत काका, बोला." बोललो. शेवटी प्रशांतनेच फोन ठेवला.

३० एप्रिल
रावेरहून केळीची गाडी आली, चार नंबर धुऊन तयार. क्रेट कमी पडतायत; नानांच्या विटा काल परत क्रेटमध्येच भरून ठेवल्यात. गोकुळ सकाळपासून दोनदा येऊन गेला, "शेठ, नानांच्या क्रेट रिकाम्या करू का?"
ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय.