ह्यांची शुगर लिहायचीच

१० नोव्हें., सोम.
डिसेंबरअखेर हे निवृत्त. त्याच दिवशी ऑफिसचा आरोग्य विमाही बंद. ह्यांना हे आज जेवताना आठवलं! वर, "बघू गं, नितीन आहे ना." नितीन म्हणजे वन्संचा मुलगा. गोखिवऱ्यात राहतो, विमा विकतो. साठीचा माणूस, जुनी शुगर, आणि म्हणे बघू.

१२ नोव्हें., बुध.
नितीन आला. दोन योजना. पहिली फ्लोटर, दोघांची मिळून एकच. स्वस्त, पण रक्कम सामाईक. ह्यांनी ती आधी संपवली तर मी वर्षभर आजारी पडायचं नाही. दुसरी ज्येष्ठांची. लगेच देतात, पण दर बिलातला हिस्सा आपण भरायचा. शिवाय शुगरच्या खर्चासाठी दोन्हीकडे काही वर्षं थांबा.
"शुगर लिहायचीच नाही, मामी. टेन्शन नका घेऊ. सगळे असंच करतात."
"आणि दवाखान्यात रक्त तपासल्यावर?"
"तेव्हाचं तेव्हा बघू ना."
मामाचाच भाचा. दोन्ही कागद परत दिले.

१५ नोव्हें., शनि.
वन्संचा फोन. "घरचा पोरगा सोडून बाहेर जाणार होय गं?"
म्हटलं, "घरचा आहे म्हणूनच त्याच्या हातून खोटं लिहून घेत नाही."
फोन ठेवला. त्यांनी. ह्यांचं तोंड एवढंसं. ताई रुसली की ह्यांना जेवण जात नाही. भात मात्र दोनदा घेतला.

१७ नोव्हें., सोम.
पतपेढीत माझी बदली झाली तेव्हा आधीच्या सेवेची वर्षं कोणी पुसली नव्हती. मग विम्याची का पुसावी? हे डोक्यातून जाईना. ऑफिसचा विमा ज्या कंपनीचा, तिच्या शाखेत थेट गेले. काउंटरवरची मुलगी नवीच पॉलिसी पुढे करत होती. म्हटलं, "नवी नको. ऑफिसातली आहे तीच ह्यांच्या एकट्याच्या नावावर पुढे चालू राहील का, तेवढं सांग."
आत विचारून आली. राहते! आधीची वर्षं धरतात, ऑफिसच्या विम्याच्या रकमेपुरती. शुगरसाठी पुन्हा थांबणं नाही. फक्त मुदतीत अर्ज, आणि आजार सगळे सांगायचे. घेणं न घेणं मात्र कंपनीच्या हाती.
एवढं साधं नितीनला माहीत नसावं? की ह्यात त्याचं कमिशन...
जाऊ दे.

२२ नोव्हें., शनि.
अर्ज भरायला बसलो. शुगर, गोळ्या, मागचं अॅडमिट होणं.
हे : "एवढं सगळं?"
मी : "एवढं सगळं."
पान उलटणार तोच म्हणाले, "पाय बधिर होतो, तेही लिही." कधीपासून? तर पावसाळ्याआधीपासून! मला पत्ता नाही. ओरडणार होते. लिहिलं.
पायावरून नाकारलं तर हा माणूस जानेवारीपासून उघड्यावर.

९ डिसें., मंगळ.
मंजूर!!
शुगर धरून, पाय धरून. हप्ता चढा आहे, असू दे. माझी पॉलिसी वेगळी घेतली, ह्यांच्या आजारपणात वाटा नको. ह्यांनी आनंदाने पेढे आणले. पेढे! डबा शेजारी दिला.
खाली बाकावरचे निवृत्त पुरुष आपापल्या बायकांना माझ्याकडे चौकशीला पाठवतात. निरोप दिला, स्वतः या. चौघे आले. चहा दिला आणि आजार लपवण्यावरून चौघांनाही झापलं.

१४ डिसें., रवि.
सकाळी नितीन. बसेना. "मामी, आईच्या पॉलिसीतपण शुगर नाही लिहिली. मीच."
बोलायला पुष्कळ होतं. एवढंच म्हटलं, "कंपनीला कळव."
"रद्द केली तर?"
"आज रद्द झाली तर वन्सं चालत्याफिरत्या आहेत, दुसरी शोधू. अॅडमिट असताना झाली तर?"
"आई नाही ऐकणार."
हे उठले. शर्ट चढवला. "चल. ताईला मी सांगतो."
बहिणीपुढे ज्यांचा आवाज मी कधी ऐकला नाही, ते. पायांत चपला घालून माझ्याआधी दाराबाहेर.
नितीनच्या स्कूटरवरून गोखिवऱ्याला गेलेत. आता चार वाजले, फोन नाही. मी करणार नाही.