बाबाचा डान्स

३ नोव्हेंबर
आज अहिवारा सोडून मरोद्याले रोशनच्या घरी राहाले आलो. सून करिष्मानं भरली वांगी केली होती. खोलीत चांगलं ऊन येते. डॉक्टरनं रोशनले समजावलं होतं, फुप्फुस असं खराब झालं का पायातला जोरही जाते, तोल राहात नाही, बाबाले पडू देऊ नका. तं पोरानं न्हाणीत धरायले लोखंडी दांडा बसवून ठेवला. रोशनची माय रत्नमाला असती तं तिले बरं वाटलं असतं.

९ नोव्हेंबर
कुर्ता डोक्यातून घालाले दोन्ही हात वर केले. दम भरला, घर फिरलं, अन् मी पडलो. रोशन दारात मोबाइल घेऊन उभा होता. बऱ्याच वेळानं मले उचललं. म्हणे, घाबरलो बाबा, सुचलंच नाही.

१५ नोव्हेंबर
शेजारची रुक्माबाई हसत म्हणे, "कवडूभाऊ, तुमचा डान्स पाहिला. आमचा पोरगा विक्की मोबाइलवर सारखा लावते."
तिच्या मोबाइलवर मी होतो. कुर्त्यात अडकून गोल फिरतो, पडतो, मासोळीवानी तोंड उघडतो. गाणं लावलं आहे. मधात करिष्माचं हसणं. लाखो लोकांनी पाहिलं म्हणे.
रोशनले विचारलं कावून केलं. त्यानं गळ्यात हात टाकला. "बाबा, लोग प्यार करते हैं आपको."

१८ नोव्हेंबर
न्हाणीतला दांडा नाही. भिंतीले नुसती भोकं. फरशीवर साबणाचं पाणी. पडलो. खुबा ठणकून राहिला. रोशननं मोबाइलवर आधी बाजूनं घेतलं, मंग समोरून. मंग उचललं.

२१ नोव्हेंबर
काठी सापडत नाही. खोलीतली खुर्ची, टेबल बाहेर नेलं. धरायले काही नाही. करिष्मा ताट पलंगापाशी देत नाही, स्वयंपाकघरात ठेवते. चालत या, म्हणे.
खिडकीतून रुक्माबाईले हाक मारली. दम लागला, आवाज फुटला नाही. तिले वाटलं गंमत करून राहिलो. हसली, गेली.

२२ नोव्हेंबर
रांगत गेलो ताटापाशी. रोशन चिडला. रांगणं कोण पाहते, म्हणे. ताट उचललं —

२३ नोव्हेंबर
नवा कुर्ता दिला. गच्चीच्या जिन्यावर मोठा गोल लाइट लावला. वरून खाली यायचं आहे, एकट्यानं. आज लाइव्ह. मी नाही म्हटलं. करिष्मानं हात जोडले, लोक थांबून राहिले म्हणे —
दाराले कडी लावाले गेलो. कडीच काढून नेली —
आले. मोबाइल सुरूच आहे. रोशन म्हणते, लिहीत राहा, हेही चांगलं दिसते. फक्त इकडं पाहून थोडंसं हसा बा