आपलं न बोलणं

ता. ९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र बघून हसू नकोस. तू फोन उचलत नाहीस. मेसेज पाठवला की वाचल्याची खूण उमटते आणि पुढे सगळं ठप्प. म्हटलं, कागद तरी तुला हातात धरावाच लागेल. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, हे मला माहीत आहे. निदान त्यावरून तरी एखादा टोमणा मारून पाठव.

इथे टीमच्या घरात सगळं आहे तसंच आहे. न्हाणीघरातला नळ अजून गळतो. लांब्या अजून दुसऱ्यांचे टॉवेल वापरतो आणि कुणाचा वापरला ते आठवत नाही म्हणून साळसूदपणे सांगतो. तुझ्या जागी नवा मुलगा आलाय. त्याच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असतो, म्हणून आम्ही त्याला पोपट म्हणतो. कॉम्प्युटरवर सामना खेळतानाही तसाच. मी दाराशी आलोय, दारामागे पावलं ऐकू येतायत, आता मी दार उघडणार आहे, हे सगळं आमच्या कानात ओतत असतो. पहिल्या दिवशी वाटलं, हेडफोन काढून त्याच्याच डोक्यात घालावा.

पण दादा, खोटं कशाला लिहू, टीम सुधारलीय. मागच्या तीन सामन्यांत आम्ही एकमेकांच्या पायात आलो नाही.

सराव घेताना मास्तरांनी सामन्याचं चित्र बंद करून नुसते आपले आवाज ऐकवले होते, तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. आपण हरलेला सामना होता. लांब्या ओरडतोय, बाकीचे दोघं ओरडतायत आणि आपण दोघं गप्प. मास्तरांनी त्या तिघांना विचारलं की हे भाऊबहीण या वेळी कुठे होते. एकालाही सांगता आलं नाही. आपल्याला मात्र पक्कं ठाऊक होतं. तू वळायच्या आधी मला कळतं की तू वळणार, एका टेबलावर मांडीला मांडी लावून खेळत वाढलो आपण. मला तर आतून अभिमानच वाटला होता. आणि मास्तर म्हणाले की या पाच जणांत दोन जणांची एक वेगळीच टीम आहे, उरलेले तिघं नुसते भाडेकरू आहेत.

त्यानंतर त्यांनी जिंकण्याचं लक्ष्यच काढून टाकलं. म्हणाले, जिंकणं आपल्या हातात नसतं, सांगणं असतं. प्रत्येकानं महिनाभर फक्त मोठ्यानं सांगायचं, मी कुठे आहे, मला काय दिसतंय, आता काय करणार आहे. माझा घसा बसला, पण मी शिकले. तुझ्या तोंडून मात्र शब्द फुटेना.

तुला काढायचं ठरलं तेव्हा कॅप्टन म्हणून त्यांनी माझं मत विचारलं आणि मी हो म्हटलं, हे त्यांनी तुला सगळ्यांसमोर सांगितलंच. कॅप्टननं हो म्हणायलाच हवं होतं. बहिणीनं काय म्हणायला हवं होतं, ते मला अजून सुचलेलं नाही.

रागावला असशील तर राग लिही, शिव्या घाल. नुसता गप्प बसू नकोस. तुझं हे गप्प बसणं मला वाचता येत नाहीये.

बाबांची पाठ कशी आहे ते कळव. राग हवा तेवढा धर, फक्त लोभातून वजा करू नकोस.

तुझी,
भिंगरी


ता. २० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझ्या अक्षराला कोंबडीचे पाय म्हणालीस हे एखाद्या कोंबडीच्या कानावर गेलं, तर ती अब्रूनुकसानीचा दावा लावेल. जपून राहा.

मी मजेत आहे. सकाळपासून बाबांच्या दुकानात बसतो. पंखे, मिक्सर, इस्त्र्या, काय हवं ते सांग, सगळं बंद पडलेलं आमच्याकडे मिळेल. बाबा मला स्क्रू काढायला देतात, बसवायला देत नाहीत. तेवढा विश्वास अजून कमवायचाय. गिऱ्हाइकांना मोठ्या ऐटीत सांगतात की मुलगा कॉम्प्युटरमधला आहे. परिणाम असा की एक आजोबा रोज मोबाईल घेऊन येतात आणि मी रोज त्याचा आवाज मोठा करून देतो. त्यांची पाठ बरी आहे. आजोबांची नव्हे, बाबांची.

रागाचं म्हणशील तर मी रागावलेलो नाही. मास्तरांचं काही चुकलं नाही. मी प्रयत्न करत होतो गं, पण तोंड उघडेपर्यंत हातानं काम उरकलेलं असायचं, आणि होऊन गेलेल्या गोष्टीचं काय सांगणार? लांब्या बिचारा माझ्याकडे आशेनं बघायचा आणि मी नुसती मान हलवायचो. हेडफोनमधून मान हलवलेली ऐकू येत नाही हे कळायला मला फार वेळ लागला.

तुमचे सामने बघतो. तुझा पोपट चांगला आहे. घाबरला की माऊस आवळून धरतो आणि मग डावीकडून येणारं त्याला उशिरा दिसतं. डावी बाजू तू माझ्यावर सोडून निर्धास्त पुढे जायचीस, तशी त्याच्यावर सोडू नकोस. त्याला आधी सांग. सांगितलं की तो करतो, हे मी नीट पाहिलंय.

फोन उचलत नाही कारण दुकानात फार आवाज असतो. वेळेवर जेवत जा. बाकी काय लिहू, तुला माहीतच आहे.

तुझा,
दादा


ता. २ मार्च

चि. भिंगरीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायला जावं तर हा शेजारीच असतो, म्हणून लिहितेय. तुला त्यानं मजेत असल्याचं कळवलं असेल. मला वाटलंच होतं. मजेत असलेला माणूस जेवताना मान वर करतो. परवा मी मुद्दाम भाजीत मीठ घातलं नाही. बाबांनी पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं, यानं मुकाट्यानं ताट संपवलं आणि छान झालीय म्हणाला.

कॉम्प्युटरवर त्यानं चादर टाकलीय. तुमचे सामने बाबांच्या फोनवर बघतो, आवाज बंद करून. आणखी एक गोष्ट आहे, ती तुलाच कळेल म्हणून विचारते. तो एकटाच बोलतो. दुकानात मिक्सर उघडायला घेतला की म्हणतो, मी झाकण काढतोय, आत तार जळलेली दिसतेय, आता ती कापणार आहे. अगदी मोठ्यानं आणि कुणीही विचारलेलं नसताना. बाबा म्हणाले, पोराचं डोकं फिरलं. गिऱ्हाइकांना वाटतं आपल्यालाच सांगतोय, ती बिचारी खूश होतात. घरीही तेच. पाणी प्यायला उठला तरी सांगून उठतो. मी विचारलं तेव्हा कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला आणि म्हणाला, सवय करतोय. कशाची, ते काही सांगेना.

तुमचं दोघांचं आम्हाला कधी कळलंच नाही म्हणा. लहानपणी तू रडायला लागलीस की काय झालं ते मी त्याला विचारायची.

आता जे विचारते त्यावर रागावू नकोस. त्याच्या पलंगाखाली नव्या बुटांचा खोका आहे, उघडलेला पण नाही. मोठ्या स्पर्धेच्या प्रवासासाठी म्हणून तुम्ही दोघं बाजारात जाऊन ते आणलेत, असं त्यानं मला तेव्हा फोनवर कौतुकानं सांगितलं होतं. त्याच आठवड्यात त्याला काढलं. बूट घेताना तुला ठाऊक होतं का गं? त्यानं हा प्रश्न कधी केला नाही, माझं आईचं मन म्हणून विचारतेय. असेल ते खरं सांग, पण मला नको, त्याला सांग.

तब्येतीला जप. उन्हातून आल्यावर लगेच गार पाणी पिऊ नकोस. माझा जीव दोन्हीकडे सारखाच अडकलाय एवढं लक्षात ठेव.

तुझी,
आई


ता. ९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आईचं पत्र आलं. बुटांचं वाचलं.

हो, मला ठाऊक होतं. मास्तरांनी सोमवारी विचारलं, मी सोमवारीच हो म्हटलं. बूट आपण बुधवारी घेतले. तुला त्यांनी शुक्रवारी सांगितलं. मधले सगळे दिवस मी तुझ्या शेजारी बसून जेवत होते.

मी लपवत नव्हते रे. शपथेवर सांगते, मला वाटलं तुला कळलंय. आपल्याला कधी काही सांगावं लागलं नाही ना. माझा हात दुखायला लागला की तू न विचारता माझी बाजू धरायचास. शाळेत मी नापास झाले, ते मी दारातून आत यायच्या आधी तुला कळलं होतं. त्या दुकानात तू आरशासमोर बूट घालून उभा राहिलास, माझ्याकडे बघितलंस आणि हसलास. मी मनाशी म्हटलं, याला सगळं समजलंय आणि मला जड जाऊ नये म्हणून हसतोय. इतकं भरून आलं मला! म्हणून तर बिल द्यायला मी पुढे धावले. शुक्रवारी मास्तर बोलायला लागले तेव्हा तू माझ्याकडे वळून बघितलंस, आणि मी स्क्रीनकडे बघत राहिले. तुझं तोंड मला दिसलं असतं तर कदाचित तेव्हाच कळलं असतं, की तुला काहीच ठाऊक नव्हतं.

तू कशाची सवय करतोयस, ते आईला कळलं नाही, मला वाचताक्षणी कळलं. नळ सोडून न्हाणीघरात रडले. बाहेरून लांब्या दार वाजवत होता, त्याला टॉवेल हवा होता.

दादा, मी मास्तरांशी बोलले. तू आता बोलायला लागलायस, हे सांगितलं. टीमला सहावा खेळाडू घ्यायचाच आहे. फायनलनंतर ते तुला पुन्हा ऐकायला तयार आहेत. हो, आम्ही फायनलला पोचलोय, तेवीस तारखेला आहे. मास्तरांनी या वेळी मला एकच लक्ष्य दिलंय, की पोपटाला एकाही वेळी अंदाज करायला लावायचं नाही. तू पत्रात लिहिलंस तेच.

तू ये. बूट घालून ये. तुझ्याशिवाय जिंकायची मला लाज वाटते, आणि हरायची तर त्याहून जास्त. तुझ्या मनात माझ्यासाठी जेवढी जागा शिल्लक असेल तेवढी राखून ठेव, मला ती पुरेल.

तुझीच,
भिंगरी


ता. २५ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

जिंकलात! बाबांनी दुकान बंद करून शेजारच्या कुलूपवाल्याला बळंच आत बसवलं आणि अख्खी फायनल दाखवली. त्या माणसाला शेवटपर्यंत कळलं नाही की यात आपली बाजू कोणती, पण टाळ्या त्यानंच सगळ्यांत जास्त वाजवल्या. आई देवासमोर बसली ती सामना संपल्यावरच उठली.

या वेळी मी आवाज चालू ठेवला होता. सामना दाखवणारे मधूनमधून टीमचं बोलणं ऐकवत होते. तुझा आवाज मी इतक्या वर्षांत असा कधी ऐकलाच नव्हता. पोपटाला तू सगळं सांगत होतीस. मी पुढे चाललेय, तू थांब, मी परत येतेय, घाबरू नकोस. तो चुकला तरी पुन्हा सांगत होतीस, न चिडता. फार सुंदर खेळलीस. जिंकल्यावर तू पटकन डावीकडे वळलीस, तेही पाहिलं. तिथे माझ्या खुर्चीत पोपट होता, त्यानं मिठी मारली. चांगला मुलगा आहे.

आता तू जे विचारायला हवं होतं आणि मी जे सांगायला हवं होतं, ते लिहितो. मला कळलं नव्हतं गं. आरशासमोर मी हसलो, ते बूट आवडले म्हणून.

काढलं त्याचं दुःख झालं, पण ते संपतं. शुक्रवारी मी तुझ्याकडे वळलो ते एवढ्यासाठी, की मला वाटलं तुलाही हे आत्ताच कळतंय, तुला धक्का बसला असेल, तुला सावरायला हवं. मग मास्तर म्हणाले की कॅप्टननं सोमवारीच होकार दिलाय. त्या सगळ्या दिवसांत मला तुझ्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नव्हतं. काहीच नाही. तेव्हापासून मी मागचं सगळं पुन्हा आठवत बसतो. शाळेत नापास झालीस ते मला आधी कळलं होतं असं तू म्हणतेस. मला ते तुझ्या मैत्रिणीनं सांगितलं होतं. आपल्याला कळायचं असं आपण जे धरून चाललो होतो, त्यातलं खरंच किती कळत होतं कोण जाणे. तू दोषी नाहीस. तुलाही तेच वाटत होतं आणि मलाही.

मास्तरांना नमस्कार सांग. सहावी जागा मला नको. बोलायला शिकलो हे खरं आहे, पण शिकलो तो अनोळखी माणसांशी बोलायला. तुझ्या शेजारी बसून तुला मी कुठे आहे ते मोठ्यानं सांगायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही. प्रत्येक वेळी सांगताना मला आठवेल की आता सांगावं लागतंय. बाबांनी काल पहिल्यांदा स्क्रू बसवायला दिले. मी इथेच राहतो. बूट लांब्याला पाठवतोय, त्याचा पाय माझ्याएवढाच आहे, आणि टॉवेलसारखे ढापण्यापेक्षा हक्कानं घातलेले बरे.

सुट्टी मिळेल तेव्हा घरी ये. आई वाट बघते, मीही बघतो. फक्त पूर्वीसारखी अचानक येऊन दारात उभी राहू नकोस. कोणत्या दिवशी, किती वाजता ते आधी कळव. मला तयारी करावी लागेल.

लोभ आहे. पूर्वी हे लिहावं लागलं नसतं.

तुझा,
दादा