सुती अस्तराचा हूड

सांगली, श्रावणातला रविवार, १९४६

पदवीदानाला गाऊनवर घालायचा हूड काल भाड्यानं आणला. पाठीवर सोडायचा, आतून रेशमी अस्तराचा. आईला दाखवला तर म्हणाली, "रेशीम हाय न्हवं ह्ये? किडं उकळून काढत्यात." आणि काठीनं उचलून थेट गोठ्यात नेऊन टांगला. म्हशीच्या डोक्यावर माझी बी.ए.!

भडकलोच मी. आपण जैन, ठाऊक आहे. पण एका दिवसापुरतं? ती शांतपणे म्हणाली, "तू घाल की. मी बी येतो मुंबईला. पर पाया पडलास तर पाठीवर हात फिरवणार न्हाई."

स्वतःच्या लग्नात सुती लुगडं नेसून उभी राहिलेली बाई ही. हट्टी कोण, ती की मी?

आज शिंप्याकडून तसाच हूड शिवून आणला. रंग तोच, अस्तर सुती. शेजारचा बाळू म्हणतो, "दारातच अडवतील रं गड्या." अडवू देत. मी वाद घालीन, पण रेशीम घालणार नाही.

संध्याकाळी आईनं तो स्वतः माझ्या गळ्यात घातला. मागची चुणी सरळ केली आणि हात पाठीवर तसाच ठेवला. बराच वेळ.

रेशमी हूड अजून गोठ्यातच आहे. उद्या परत करतो. आत सोडलं नाही तर तिच्याबरोबर बाहेर उभा राहीन. पदवी काय, टपालानंही येते. हा हात टपालानं येत नाही.