हिरव्यावर हिरवं

८ मे २००६, सोमवार. सकाळी ७.
आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात.
काल भुजंगरावांची ऑर्डर मिळाली. जालन्यात मेन रोडवर त्यांची मोसंबीच्या रोपांची हायटेक नर्सरी आहे. त्यांना वेबसाइट पाहिजे. नुसती नाही, जगात कुणीही मोसंबीची रोपं शोधली की पहिल्या नंबरावर भुजंगराव दिसले पाहिजेत. महिनाभरात करतो म्हणालो. याला एसईओ म्हणतात. कसं करतात ते एका महिन्यात शिकून होईल. बदल्यात भुजंगराव दुकानावर माझा बोर्ड लावणार आणि एमआयडीसीतल्या मिलवाल्यांकडे शब्द टाकणार.
ठराव : एक वर्षात जिल्ह्यातला पहिला एसईओ एक्स्पर्ट. दुसरा कुणी नाहीच, त्यामुळे सोपं जाईल.

९ मे. रात्री.
नेटवरून लेख काढला, इंग्रजी, अकरा पानं. साडेतीन वाचली. सार असं : लोक शोधताना जो शब्द टाईप करतात तो आपल्या पानावर पाहिजे. त्याला कीवर्ड म्हणतात. आधी रिसर्च, मग वेबसाइट.
उद्या रिसर्च.

१० मे. दुपारी २.
लाइट नाही. खऱ्या एक्स्पर्टला लाइट लागत नाही. वही घेऊन बसस्टँडवर गेलो. एकतीस माणसांना विचारलं की मोसंबीची रोपं पाहिजे असली तर कॉम्प्युटरवर काय टाईप कराल. चौघांना मी मतदार यादीवाला वाटलो. एकानं घरातली सगळी नावं सांगितली, आईच्या माहेरच्या आडनावासकट. एक जण म्हणाला, कॉम्प्युटर कशाला पाहिजे, टेंभुर्णीच्या गोजरबाईला विचारा ना, बराबर रोप देते. त्याच्या शेजारचाही तेच म्हणाला. त्याच्या पलीकडचाही.
एकतीसपैकी एकोणीस जण : गोजरबाई.
गोजरबाई माझी सख्खी मावशी. हे कुणाला सांगितलं नाही. रिसर्चमध्ये नातं आणू नये.

१२ मे.
आकडे पुन्हा तपासले. सर्वात ताकदवान कीवर्ड म्हणजे मावशीचं नाव. भुजंगरावांच्या वेबसाइटवर ते टाकणं शक्यच नाही. पाचवी ते दहावी मी तिच्या घरी राहून शिकलो. वही बंद केली. स्वतःबद्दल अभिमान वाटला.
नंदाला सांगितलं. बायकोला अभिमान वगैरे वाटला नाही. तिनं विचारलं की मावशी दिवाळीपासून म्हणून राह्यल्या, माझा पण एक कागद टाक कॉम्प्युटरवर, त्याचं काय झालं. फोटो पण देऊन ठेवलेत त्यांनी.
बघू म्हणालो. फोटो कुठे आहेत ते आठवत नाही.

१७ मे.
वेबसाइट तयार. भुजंगराव म्हणाले, उघडली की शिवार दिसलं पाहिजे. म्हणून सगळं पान गडद हिरवं, अक्षरं पिवळी. डोळ्यांना त्रास होतो, पण ते ब्रँडिंग आहे.
गूगलवर शोधलं. पहिलं पान, नाही. दुसरं, नाही. चौदाव्या पानापर्यंत गेलो. ब्राझील लागलं.

२२ मे.
भुजंगरावांचे तीन फोन. उचलले नाहीत.
लेखाची उरलेली पानं वाचायला घेतली. आठव्या पानावर एक युक्ती आहे. पानाचा जो रंग, त्याच रंगात शब्द लिहायचे. माणसाला दिसत नाहीत, मशीन वाचतं. खाली लिहिलं होतं की असं करू नये. म्हणजे चालत असणार.

२४ मे. रात्री.
टाकलं. पानाच्या तळाशी, हिरव्यावर हिरवं, इंग्रजी अक्षरांत : गोजरबाई टेंभुर्णी मोसंबी.
फक्त एकदा.

२४ मे. आणखी रात्री.
एकदा टाकून काय होणार. साठ वेळा टाकलं.
वाईट वाटण्यासारखं काही नाही. एक, नाव कुणाच्या मालकीचं नसतं. दोन, दिसत नाही ते लिहिलं असं म्हणता येत नाही. तीन, मावशीचं नाव जगभर जातंय, तेही फुकट.
झोप येत नाही. उकाडा आहे.

२९ मे, सोमवार.
नंबर एक!!
'गोजरबाई मोसंबी' टाईप केलं की सर्वात वर भुजंगराव. एकूण निकाल एकच आहे, पण पहिला तो पहिलाच. भुजंगरावांनी पेढे वाटले, मला सर म्हणाले. बोर्ड लागला : 'वेबसाइट – धर्मराज कॉम्प्युटर्स, जालना'. समोरच्या टपरीवर उभं राहून तीन चहा प्यालो, बोर्ड बघत.
पहिला फोन पण आला. गिऱ्हाईक मूळ धावड्याचं, नोकरी पुण्यात. भावकीनं सांगितलेलं नाव शोधलं आणि इथे पोचलं. त्यानं विचारलं, गोजरबाईंचीच नर्सरी ना. भुजंगराव म्हणाले, हो हो, बोला. आठशे रोपं गेली.
हे सांगताना भुजंगराव टाळी द्यायला हात पुढे करत होते. दिली.

४ जून, रविवार. टेंभुर्णी.
बऱ्याच दिवसांनी मावशीकडे. तिची चार हजार कलमं तयार आहेत, जंभेरी लिंबाच्या खुंटावर स्वतः बसून मोसंबीचे डोळे भरलेली. तिचा हात असा की शंभरात दोन मरत नाहीत. पण यंदा गिऱ्हाईक कमी. आषाढ संपेस्तोवर गेली नाहीत तर मुळं पिशवीत गोल फिरतात, मग रोप बाद. एवढी सगळी उपटून टाकावी लागली तर पुढच्या वर्षी नर्सरीच करायची न्हाई, आता गुडघे पण साथ देईनात, असं ती म्हणाली. धावड्याचा एक पोरगा पुण्यावरून फोन करणार व्हता, आठशे पाहिजे व्हते त्याला, पण त्याचा काही फोनच आला न्हाई, हे पण म्हणाली.
मी म्हणालो, पुण्याची माणसं अशीच.
तीन भाकरी खाल्ल्या. निघताना तिनं लोणच्याची बरणी दिली, पिशवीत नीट कागद लावून. कॉम्प्युटरचं तेवढं बघ म्हणाली, जल्दी न्हाई.

५ जून.
ठराव : उद्या सगळी साठ नावं काढून टाकायची.

६ जून.
भारनियमन. आठ तास.

७ जून.
लाइट होती. मूड नव्हता.

८ जून.
लाइट होती, मूड होता. काढायलाच बसलो होतो, तेवढ्यात भुजंगराव एका मिलवाल्याला घेऊन आले. त्यांच्यासमोर 'गोजरबाई' टाईप करून दाखवलं. मिलवाल्यानं विचारलं, ही बाई कोण. भुजंगराव म्हणाले, टेक्निकल शब्द आहे. माझ्याकडे बघून डोळा मारला. मी मान हलवली.
जेवताना ताटात लोणचं होतं. बाजूला सारलं. नंदानं विचारलं, तिखट आहे का. हो म्हणालो.

९ जून. रात्री ११.
उपाय सापडला. माझा स्वभावच असा आहे की चूक झाली तर मी माफी मागून मोकळा होतो. पानाच्या अगदी तळाशी, साठ नावांच्या खाली, एक ओळ टाकली : 'गोजरमावशी, तुझं नाव मी दुसऱ्याला विकलं. मला माफ कर. तुझा धर्मराज.' इंग्रजी अक्षरांत. हिरव्यावर हिरवं.
माफी मागून झाली. तीही लेखी आणि जगभर. किती जण एवढं करतात? छाती हलकी झाली. नावं आता काढायची गरज नाही, कारण नावं काढली तर माफी कशाबद्दल ते कळणार नाही.

१० जून.
फार दिवसांनी गाढ झोप. लोणचं खाल्लं. मावशीच्या हाताला तोड नाही.

१७ जून.
जाफराबादला मंगळवारी शेतकरी मेळावा आहे. भुजंगरावांना तिथे वाटायला कागद पाहिजेत. नवीन काही करू नका म्हणाले, जे कॉम्प्युटरवर आहे तेच छापा, लोकांना कळू द्या की आपण कुठे पोचलो. झेरॉक्सवाल्या कचरूला वेबसाइटचा पत्ता दिला. तो पान उघडून एक प्रिंट काढणार आणि तिच्या दोन हजार कॉपी मारणार.

१९ जून.
कचरूचा फोन. प्रिंट जरा वेगळी आली, येऊन बघता का म्हणाला. ऊन फार होतं. फोनवरच ओके दिलं. प्रोफेशनल माणसानं लोकांवर विश्वास टाकायला शिकलं पाहिजे.

२० जून, मंगळवार. रात्री.
लिहवत नाही.

२१ जून.
लिहितो.
प्रिंटर शाई वाचवतो. पानाचा मागचा रंग छापतच नाही. हे अकरा पानांत कुठेही नव्हतं. किंवा न वाचलेल्या पानांत असेल. भुजंगरावांचं सगळं शिवार उडालं, कागद पांढरा राहिला आणि त्याच्यावर माझी हिरवी अक्षरं उमटली, काळी कुळकुळीत. वर दोन ओळी भुजंगराव. खाली अर्धा कागद भरून गोजरबाई, गोजरबाई, गोजरबाई. बंडल मेळाव्यात नेऊन फोडलं. भुजंगरावांच्या माणसांनी न वाचताच दोन हजार कागद वाटले. उलट ओरडून ओरडून वाटले.
लोकांनी वाचले. इंग्रजी वाचता येणाऱ्यांनी बाकीच्यांना वाचून दाखवले. सगळ्यांचं एकच मत पडलं : एवढा मोठा नर्सरीवाला स्वतःच्या कागदावर साठदा गोजरबाईचं नाव छापतो, म्हणजे रोप तिचंच खरं.
भुजंगरावांचा फोन आला. उचलला, हे चुकलं.
बोर्ड उतरवला. मी टपरीवरून बघितलं. शिडी धरायला कुणी नव्हतं, तर त्यांनी मलाच हाक मारली.

२२ जून.
शेवटची ओळ छापली गेली की नाही? कचरूकडे विचारायला जायचं धाडस होत नाही. कागद एका पानाचा होता. ओळ बहुतेक खाली कापली गेली असेल. नक्कीच कापली गेली असेल.
वेबसाइट काढून टाकली. पंधरा मिनिटं लागली. लाइट होती, मूडचा प्रश्नच आला नाही.

२४ जून.
टेंभुर्णीहून निरोप. मावशीच्या दारात चार दिवस टेम्पो लागून राह्यले, चार हजारांतली पाचशे पण उरली न्हाईत, धर्मराजला उद्या जेवायला घेऊन ये, असं नंदाच्या हातात फोन असताना मावशी एवढ्या मोठ्यानं बोलली की मला पलंगावर ऐकू आलं.
म्हणजे ओळ कापली गेली!
शांतपणे विचार केला. शेवटी परिणाम महत्त्वाचा. मावशीची रोपं कुणामुळे गेली? माझ्यामुळे. खोल कुठेतरी माझी योजनाच ती असावी. भुजंगरावांच्या खर्चानं मावशीची जाहिरात. नंदाला हे समजावून सांगितलं. तिनं भाजी निवडायला घेतली.
ठराव : उद्या मावशीनं आभार मानले तर फुशारकी मारायची नाही. 'कर्तव्य केलं' एवढंच म्हणायचं.

२५ जून, रविवार. टेंभुर्णीहून परत. रात्री ९.
पुरणपोळी केली होती. मावशीनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. म्हणाली, तुझ्या काकानं जलमात एकदा माझं नाव घेतलं न्हाई, 'अय' म्हणूनच हाक मारली, अन् तू साठदा लिव्हलं रे माझं नाव. डोळे पुसले तिनं. मी म्हणालो, कर्तव्य केलं.
नंदा ताटाकडे बघत होती.
जेवणं झाल्यावर मावशीनं उतरंडीखालून मेळाव्यातला तो कागद काढून कपाळाला लावला. नीट घडी घातलेला. मला वाचता येत न्हाई, तुझ्या तोंडून ऐकायचं म्हणाली. उभ्याउभ्याच खालची ओळ दिसली. कापली गेली नव्हती. सरळ, स्वच्छ, ठळक.
वाचलं. साठ वेळा गोजरबाई. चाळिसाव्याला घसा बसला. साठ झाल्यावर शेवटच्या ओळीच्या जागी मी म्हणालो, 'संपर्कासाठी फोन करा.' आणि घडी घातली.
मावशी म्हणाली, तेवढी शेवटची ओळ राह्यली की.
मी म्हणालो, काही नाही, टेक्निकल आहे.
ती म्हणाली, शाळेतल्या उषा मॅडमनं दोनदा वाचून दाखवली मला. तू मेळाव्याच्या दिवशीच येशील वाटलं व्हतं. वाट बघत व्हते.
नंदा भांडी सोडून दारात उभी. काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी भराभर समजावून सांगितलं की मावशी, ते छापायचं नव्हतंच, ते हिरव्यावर हिरवं होतं, कुणाला दिसूच नये असं केलं होतं, तुला तर नाहीच नाही.
मावशीनं जरा विचार केला. रागावली नव्हती. खरंच कळत नव्हतं तिला. म्हणाली, मंग माफी कुणाला मागितली तू?
मी बसची वेळ झाली म्हणालो. तिनं पण उत्तराची वाट बघितली नाही. निघताना पिशवीत बरणी ठेवली, कागद लावून.
बसमध्ये नंदा शेजारी होती. लाज वाटली. फार वाटली. जालना येईपर्यंत दोन वेळा तोंड उघडलं, दोन्ही वेळा खिडकीबाहेर बघून हवा छान आहे म्हणालो.

२५ जून. रात्री ११.
ठराव : पुढच्या रविवारी टेंभुर्णीला जायचं. समोर बसायचं आणि तोंडानं म्हणायचं. काय म्हणायचं ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे झालंच :
मावशी, माझं चुकलं. पुण्याच्या पोराचे आठशे मला माहीत होते. तुझ्या भाकरी खाताना माहीत होते. मला माफ कर.
लिहून बरं वाटलं. छाती हलकी झाली.
वही कपाटात ठेवली. कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे आहे.